पुरलेला रुमाल

लेकीनं खुरपं बाजूला ठेवलं आणि बोटांनीच माती सारायला लागली. बाप शेजारी उकिडवा बसला होता, अगदी साळसूद चेहरा करून. दोन महिन्यांपूर्वी तिनं इथं पांढरा सुती रुमाल पुरला होता. "मातीची परीक्षा आहे बाबा, हात लावायचा नाही," असं बजावून ती शहरात परत गेली होती.

बापानं हात लावलाच. काल सकाळी उकरून पाहिलं, तर रुमालाची पार चाळण झालेली! तीन वर्षं पोरीच्या शब्दाखातर त्यानं धसकटं जाळली नाहीत, नांगर खोल घातला नाही, शेजाऱ्यांची टिंगल निमूट ऐकून घेतली. आता तिचंच तोंड उतरलेलं कसं बघायचं? मग आपला तसलाच ठेवणीतला रुमाल त्यानं मातीत चांगला मळवला आणि पुरून टाकला.

रुमाल निघाला. धडधाकट, चारही कोपरे शाबूत.

"बघ, धागासुद्धा हलला नाही!" बाप खुशीत म्हणाला.

लेकीनं रुमाल मांडीवर पसरला. मग डोळे पुसत म्हणाली, "माती मेलीय, बाबा. जिवंत असती तर तिच्यातल्या बारीक जीवांनी हा कधीच खाऊन टाकला असता. पाऊस लांबला की अशा मातीत ओल टिकत नाही. तीन वर्षं तुम्हाला उगाच माझ्या नादी लावलं. उद्यापासून तुमच्या मनासारखं करा."

अरे देवा! बापाला कुठं तोंड लपवावं कळेना. दोनदा खाकरून झालं. शेवटी त्यानं खिशातून कागदाची पुडी काढून तिच्यापुढे धरली.

"टाकवेना गं. तुझी वस्तू."

पुडीत जाळीजाळी झालेल्या चिंध्या होत्या. काठाची शिवण तेवढी उरली होती.

"हे कुठलं, बाबा?"

"इथलंच. मला वाटलं, तू नापास होशील."

लेक आधी हसली, मग रडली, मग मातकट हातानं तिनं बापाच्या पाठीत एक धपाटा घातला. "खाल्लाय, बाबा! सगळा खाल्लाय! मुठीमुठीत कोट्यवधी आहेत इथं!"

बापानं वाकून पायाखालचं ढेकूळ नीट निरखलं.

"एवढी मंडळी आहेत होय खाली?" तो म्हणाला. "आणि तू आपली रोज फोनवर विचारतेस, बाबा, सोबतीला कुणी आहे का म्हणून."