बाबांचा पहिला ओबोन

"मी कशानं गेलो, तेवढं सांगून ठेव," कुरोसू न्हावी मुलाला म्हणाले. "गिऱ्हाइकं विचारतात. ऐनवेळी मला काही सुचत नाही."

रिकुतो दारातच उभा राहिला. एक बूट काढलेला, एक पायात. तोक्योहून उओझूपर्यंतच्या तीन तासांत त्यानं एकच वाक्य घोटलं होतं, 'बाबा, आज दुपारी दोन तास बाहेर जाता का?' ते आता वाया गेलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"उदबत्त्यांनी." आरशाखाली खोक्यांची चळत होती. "मे महिन्यापासून तुझ्या चाहत्या पाठवतायत. 'आपल्या दिवंगत वडिलांसाठी.' पोस्टमन म्हणाला, कुरोसूसान, मयताची सही चालत नाही. म्हटलं, मग परत ने. नेतोय कसला!"

"आणि तुम्ही ठेवून घेतलीत?"

"नुसती नाही. प्रत्येकीला चहाचा डबा पाठवला, रीतीप्रमाणे. मेल्यावर लोकांनी नावं ठेवावीत, असं मी काही केलेलं नाही."

रिकुतोनं मान खाली घातली. मग जमिनीलाच सगळं सांगितलं. मालिकेसाठी चाचणी होती. रडून दाखव म्हणाले. रडू येईना. मग तो बोलून गेला की वडील नुकतेच गेले, आणि धो धो रडला. काम मिळालं. पुढे ते मासिकात छापून आलं.

"काम कसलंय?"

"वडील गेलेल्या मुलाचं."

"मग ते तरी काय करणार," कुरोसू म्हणाले. "बरं, कशानं गेलो?"

"हृदय."

"चांगलंय. सुटसुटीत."

आज ओबोनचा सोमवार. पितर घरी यायचे दिवस. माणूस गेल्यावरचा पहिला ओबोन मोठा, म्हणून मासिकवाले फोटो काढायला येणार होते. कुरोसूंना हेही ठाऊक होतं. मासिकवाल्यांनी दुकानात फोन केला होता आणि तो त्यांनीच उचलला होता.

"मी खरं सांगून टाकतो त्यांना," रिकुतो म्हणाला.

"आणि काम?"

"जाईल."

"शूटिंग कधी?"

"परवा."

कुरोसू काहीतरी बोलणार, तोवर दार सरकलं. बातमीदार बाई दारातच कमरेतून वाकल्या. मागे फोटोग्राफर, तो कॅमेऱ्यासकट वाकला.

"बाई, मला एक..." रिकुतोनं सुरुवात केली.

"या या," कुरोसू मध्येच म्हणाले. "मी याचा काका."

आतल्या खोलीत देव्हाऱ्यासमोर कुरोसूंचा फोटो होता. मयताच्या फोटोला लावतात ती काळी फीत कुरोसूंना मिळाली नसावी. फोटोच्या कोपऱ्यांवर वायरमन वापरतात ती काळी पट्टी चिकटवली होती. बाईंनी फोटो पाहिला, काका पाहिले, पुन्हा फोटो पाहिला.

"जुळे?"

"हो. तो सात मिनिटांनी मोठा."

बाईंनी ते लिहून घेतलं. "तुमचे भाऊ रिकुतोचं नाटक बघायला जायचे का हो?"

"एकदाही नाही." कुरोसू मांडी बदलून बसले. "दुकानाला सुट्टी सोमवारी, नाटकालाही सोमवारी. म्हणजे, असं तो सांगायचा. एखाद दिवस दुकान बंद ठेवता आलं असतं. भित्रा होता तो. पोराचं काम वाईट निघालं तर घरी आल्यावर त्याच्याशी बोलायचं काय, याची धास्ती."

बाईंनी रुमाल काढला. रिकुतो चटईकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

"आता जरा वडिलांसमोर बसा," फोटोग्राफर म्हणाला. "डोळ्यांत थोडं पाणी आलं तर छानच."

रिकुतो फोटोसमोर गुडघ्यांवर बसला. हात जोडले. फोटोतले कुरोसू त्याच्याकडे बघत होते आणि मागे बसलेले कुरोसूही. त्याचा चेहरा आधी वाकडा झाला, मग फुटला. नाक वाहायला लागलं. घशातून बेडकासारखा आवाज आला. तो कपाळ चटईला टेकवून "माफ करा, माफ करा" म्हणत राहिला.

"थांबा थांबा," फोटोग्राफर म्हणाला. "खांदे फार हलतायत. नाक पण. असं खरं नाही वाटत."

रिकुतो उठला. न्हाणीत जाऊन तोंड धुऊन आला. पुन्हा बसला, पाठ ताठ केली. डाव्या डोळ्यातून एकच थेंब निघाला, गालावर मधोमध थांबला आणि फोटो निघेपर्यंत तिथेच राहिला.

"वा!" फोटोग्राफर म्हणाला. बाईंनीही नकळत हलकेच टाळी वाजवली आणि लगेच देव्हाऱ्याची माफी मागितली.

पाहुणे गेले. कुरोसू त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडून आले. बसायच्या उशा उचलून एकावर एक ठेवू लागले.

"बाबा," रिकुतो म्हणाला. एक उशी उचलून त्यानं पुढे केली.

"पहिलं बरं होतं," कुरोसू म्हणाले. शेवटची उशी त्यांनी दोनदा झटकली. "पहिल्या वेळी मला वाटलं, मी खरंच गेलो."