खांब यांचा, उजेड त्यांचा

दहापैकी सात उत्तरं बरोबर आली की पास. शिंप्याचे नऊ प्रश्न झाले होते. सहा बरोबर, तीन चूक. आता शेवटचा.

टेबलापलीकडे नगरपालिकेचे साहेब चष्मा पुसत होते. शिंप्याच्या मागे भिंतीला टेकून त्याची लेक उभी होती. परदेशी रहिवाशांसाठीची ही तोंडी परीक्षा. हिचा दाखला जोडल्याशिवाय राहण्याचा परवाना वाढवून मिळत नाही, आणि शिंप्याचा परवाना सोमवारी संपत होता. त्याच्या परवान्यावर बायकोचा परवाना. बायको घरी अंथरुणाला खिळलेली. तिला नुसतं उठवून बसवायला दोन माणसं लागतात, देशाबाहेर कोण आणि कशी नेणार?

"बाबा, पुस्तकात आहे तेवढंच बोला," लेकीने येताना दहादा बजावलं होतं. "तुमचं शहाणपण घरी ठेवा."

पुस्तक म्हणजे नगरपालिकेनेच छापलेलं, पातळ, निळं, फुकट वाटलेलं. त्यात सगळं कसं झकास! कचरा, पाणी, दिवे नगरपालिकेकडे. दवाखाने, मोठे रस्ते प्रांत सरकारकडे. दोन चौकोन, दोन रंग, मध्ये एक जाड रेघ. परक्या माणसाला याहून सोपं करून कोण सांगणार? शिंप्याने ते महिनाभर शिवणयंत्राशेजारी उघडं ठेवून घोकलं होतं.

साहेबांनी शेवटची चिठ्ठी उचलली. "घरासमोरच्या रस्त्यावरचा दिवा बंद पडला, तर तक्रार कुठे कराल?"

मागे लेकीने सुटकेचा श्वास सोडला. पान नऊ, चित्रासकट! शिडीवर चढलेला एक हसरा माणूस दिवा बदलतोय.



पण हा प्रश्न शिंप्याने तीन वर्षं पाय झिजवून सोडवला होता. घरासमोरचा दिवा गेला तेव्हा तो अर्ज घेऊन नगरपालिकेत गेला. ते म्हणाले, दिव्याचा उजेड पडतो मोठ्या रस्त्यावर, मोठा रस्ता प्रांताचा, तिकडे जा. प्रांताच्या कचेरीत म्हणाले, खांब उभा आहे फूटपाथवर, फूटपाथ नगरपालिकेचा, तिकडे जा. खांब यांचा, उजेड त्यांचा, अंधार तेवढा शिंप्याचा! सरकारी काम नि सहा महिने थांब म्हणतात; इथे तीन वर्षं झाली तरी दिवा लागला नाही. गेल्या हिवाळ्यात कामावरून येताना त्याच खांबापाशी एका उखडलेल्या फरशीत बायकोचा पाय अडकला आणि खुबा मोडला. तेव्हापासून ती आडवी आहे.

"बोला की. सोपा आहे," साहेब म्हणाले.

"रस्ता कोणता, साहेब? लहान की मोठा?"

"बाबा!" लेक कळवळून म्हणाली.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "प्रश्नात विचारलंय तेवढंच सांगा."

शिंप्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळं बोलून टाकावं, खांबापासून खुब्यापर्यंत सगळं, असं त्याला फार वाटलं. मग सोमवार आठवला. बायकोच्या उशाशी ठेवलेली घंटी आठवली.

"नगरपालिका."

"शाबास! बघा, कारभार समजून घेतला की काही अवघड नसतं." साहेबांनी दाखल्यावर सही केली, शिक्का मारला आणि दाखला टेबलावर पुढे सरकवला.

लेकीने डोळे पुसले. शिंपी उठला, पण हलला नाही. त्याच्या कोटाला आतून एक लांबट खिसा होता, त्याने स्वतःच शिवलेला, त्या अर्जाच्या मापाचा. त्यातून त्याने घडी पडून पडून मऊ झालेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

"मग ही घ्या तक्रार, साहेब. आमच्या घरासमोरच्या दिव्याची."

साहेबांनी पत्ता वाचला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "हा मोठा रस्ता. हा उजेड आमच्याकडे येत नाही. प्रांताकडे द्या."

"मग माझं उत्तर चुकलं का?"

साहेबांची नजर दाखल्याकडे गेली. हात जाण्याआधीच लेकीने झडप घालून तो उचलला आणि पर्समध्ये कोंबला. "नाही हो साहेब, बरोबरच आहे! वय झालंय त्यांचं, काहीतरी बोलतात."

"परीक्षेपुरतं बरोबर आहे," साहेब म्हणाले आणि अर्ज परत दिला. "पुढचे पाठवा."

बाहेर बाकावर एक तरुण बाई मांडीवर निळं पुस्तक उघडून ओठ हलवत बसली होती. शिंप्याला पाहताच ती धडपडून उठली. "काका, झालात पास? शेवटचं काय विचारलं?"

"दिवा."

"पान नऊ! नगरपालिका ना?"

शिंप्याने अर्जाची घडी घातली, जुन्याच खुणांवर, आणि कागद खिशात सरकवला.

"हो, पोरी. फक्त रस्ता कोणता, ते विचारू नकोस."