सरदार चंपतराव चौकाचं तिकीट

“नाव सांगा ना मावशी, नाव!” बस स्टँडच्या चौकशी खिडकीतून उन्नतीनं पुन्हा विचारलं. तिच्या पुढ्यात माइक सुरू होता आणि खिडकीसमोर रांग वाढत होती.

रंभाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. “उमरेडचे आहेत. पांढरं धोतर, खांद्यावर दुपट्टा. डोळे दाखवायले आणलं होतं नागपूरले. मी पाणी भरायले गेली, वापस येऊन पाहतो तं बाकड्यावर नुसती पिशवी.”

“अन् नाव?”

“ते नाही घेत मी.”

“मग फोन लावा त्यांना.”

“पिशवीतच वाजून राहिला त्यायचा फोन.”

“बरं, कागदावर लिहून द्या.”

“लिहिलं म्हंजे घेतलंच झालं ना वं.”

बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याच्या आयुष्याची वात तेवढी जळते, असं सासू मरेपर्यंत सांगत राहिली. रंभाबाईनं ती वात जन्मभर ओंजळीत जपली. घरात ‘अवो’, दारात ‘दुर्गेशचे बाबा’. लग्नाच्या मांडवात उखाणा घेताना नावापाशी आली आणि तिनं पदर तोंडात धरला, तो आजवर सोडला नाही. आता त्याच माणसाला या शहरानं गिळलं होतं, आणि शहर म्हणत होतं, नाव घे, तर परत देतो.

“उखाण्यात घ्या, आजी. उखाण्यात चालते,” रांगेतून कोणी सुचवलं.

रंभाबाईनं घसा साफ केला. डोळे पुसले. आणि भर स्टँडवर म्हणाली,

“भिवापूरची मिरची वाळली लालेलाल,
...राव हरवले अन् झाले माहे हाल.”

“कोण राव?” अख्खी रांग एका सुरात ओरडली.

रंभाबाईनं बाहेर बोट दाखवलं. फाटकासमोर शहर बस उभी होती. तिच्या कपाळावर पाटी होती : सरदार चंपतराव चौक. हे भोसल्यांच्या काळातले कोणी सरदार. नागपुरानं त्यांना आधी चौक दिला, मग उड्डाणपूल दिला, मग मेट्रोचं स्टेशनही दिलं. त्यांच्या पुतळ्याचा घोडा मात्र कुठं बांधायचा, ते अजून ठरायचं होतं.

उन्नतीनं पाटी वाचली, माइक तोंडाशी ओढला आणि घाईघाईत पाटीवरचं नाव ‘सरदार’सकट म्हणून टाकलं, “उमरेडचे सरदार चंपतराव, आपण असाल तिथून चौकशी खिडकीपाशी या. आपल्या पत्नी वाट पाहत आहेत.”

सरदार आले नाहीत. बाबाराव आले. ते सरदारांच्या पुण्यतिथी समितीचे अध्यक्ष. फाटकाबाहेरच त्यांनी मंडप घातला होता. हातात शाल होती, श्रीफळ होतं, आणि पाहुण्यांनी ऐन वेळी दगा दिला होता.

“सरदारांच्या घराण्यातल्या का तुम्ही?” ते गहिवरले. “उमरेडात शाखा आहे, हे आमाले कोणी सांगितलंच नाही!”

रंभाबाई काही बोलायच्या आत शाल तिच्या खांद्यावर पडली. तिला मंडपात नेलं. दोघं-तिघं पाया पडून गेले. “दोन शब्द बोला माय, सरदारांबद्दल.”

रंभाबाईनं वर पाहिलं. मंडपावरच्या फलकावर ठळक अक्षरांत तेच नाव होतं. खाली आणखी काही होतं. अक्षर लावत लावत ती ‘पुण्यतिथीनिमित्त विनम्र अभिवादन’पर्यंत पोचली आणि मटकन खुर्चीत बसली.

“सकाळी तं जेवून निघाले होते वो,” ती हुंदके देत म्हणाली. “दोन भाकरी खाल्ल्या. वरून ताक पेले.”

समितीनं टाळ्यांचा कडकडाट केला.

तेवढ्यात तसलीच दुसरी शहर बस फाटकापाशी येऊन थांबली. सगळे उतरले, एक जण खिडकीशी बसून राहिला. पांढरं धोतर. मांडीवर दुपट्टा. चेहरा असा, की जत्रेत पाळण्यात बसलेलं पोर.

रंभाबाई शाल-श्रीफळासकट धावली आणि बसमध्ये चढली. “अवो, कुठं होते तुमी? जीव गेला ना माहा!”

“इथंच तं आहो,” तो म्हणाला. “चौकापर्यंत जातो, वापस येतो. पुन्हा जातो.”

“काय ठेवलं आहे तिथं?”

“तिथं काही नाही. बस वं तू. ऐक.” त्यानं बसच्या छताकडे बोट केलं. तिथं जाळीचा गोल भोंगा होता. “यातून एक पोरगी बोलते. मोठा गोड गळा आहे तिचा. ‘पुढील थांबा, सरदार चंपतराव चौक’ म्हणते.” तो जरा लाजला. “चौकाचं नाव आहे, हे समजते मले. येडा नाही झालो. पण माय गेली तवापासून नावानं कोणी बलावलंच नाही वं मले. गावाले मी काका, पोराले बाबा. तुले तं मी नुसता ‘अवो’.”

“आयुष्य सरते नाव घेतल्यानं. म्हणून तं...”

“दुपारपासून घेऊन राहिली ते पोरगी. मेलो का?”

बस सुरू झाली. दोघं मान वर करून बसले, आंब्यावर राघू बोलेल म्हणून बसावं तसे. भोंगा खरखरला. “पुढील थांबा...” पोरगी म्हणाली, आणि तिचा गळा बसला. पुढं नुसती खरखर. मग तीही नाही.

त्यानं मान खाली घातली आणि दुपट्ट्याची घडी करू लागला.

कंडक्टर आला. “बोला आजी, कुठलं देऊ?”

रंभाबाईनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. तोंडातला पदर काढला.

“चंपतराव,” ती म्हणाली. असं मोठ्यानं, की ड्रायव्हरनंही मागे पाहिलं.

“ते समजलं हो. चंपतराव चौक, चंपतराव पूल, का चंपतराव मेट्रो?”

“नुसतं चंपतराव.”