उरलेली जोडी

“नाव तेवढं गाळ,” रॅपर मुखवट्याआडून म्हणाला. टोळ्यांच्या खुनाखुनीची फुशारकी मारणाऱ्या ड्रिल रॅपमध्ये गाण्यातून मेलेल्याचं नाव पुसायची रीतच आहे. उद्या त्याचा मोठ्या कंपनीशी करार होता. ही पोरं पोलिसांना सांगत नाहीत ते माइकला सांगतात, म्हणूनच दादाच्या खुनानंतर मी या स्टुडिओत रेकॉर्डिंगची नोकरी धरली. दादाचं नि माझं नातं इथे कुणालाच माहीत नव्हतं. आज नाव दादाचं होतं. फुशारकी कुणीही मारतो; पण पुढे ओळ होती: ‘एक मोजा लाल, एक निळा.’ दादा अनवाणी सापडला होता. त्या सकाळी घाईत त्याने एका पायात स्वतःचा लाल आणि दुसऱ्यात माझा निळा मोजा चढवला, हे मला ठाऊक, आणि मारणाऱ्याला. “झालं ना?” “झालं,” म्हणत मी मूळ रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर उतरवलं. तो पडलेला मोबाइल उचलायला वाकला आणि तसाच थांबला. बूट सगळ्यांचेच दाराबाहेर होते. माझ्या पायांत उरलेली लाल-निळी जोडी होती.