भिंतीपलीकडचं हसू

नवऱ्याची बदली जयपूरला झाली आणि तिलक नगरच्या फ्लॅटमध्ये जयंतीला शेजार मिळाला तो नसरीनजींचा. मधली भिंत इतकी पातळ, की संध्याकाळी टीव्हीवर जुनी विनोदी मालिका लागली की दोन्ही घरं एकदमच हसायची. धुणीभांडीही दोन्ही घरी एकच गुलाबबाई करायची.

गेल्या ईदला नसरीनजी डबाभर शिरखुर्मा घेऊन आल्या. जयंतीने तोंडभरून कौतुक केलं आणि दार लागताच सगळा शिरखुर्मा गुलाबबाईला देऊन टाकला. रिकामा डबा परत करू नये म्हणून तो लख्ख घासून त्यात साखर घातली, आणि वर "सबने चाट-पोंछकर खाया," असंही सांगून आली.

यंदा ईदच्या आदल्या आठवड्यात मालिकेतल्या बाईने नेमकं हेच केलं. शेजारणीच्या खिरीची वाहवा केली आणि तिची पाठ वळताच खीर मोलकरणीला दिली.

"असतात बाई एकेक ढोंगी!" जयंती पोट धरून हसली. हसता हसता तिच्या लक्षात आलं, की आज भिंतीपलीकडून हसू आलेलंच नाही. मग मात्र तिचं तोंड उतरलं.

ईदच्या सकाळी नसरीनजी तोच डबा घेऊन दारात उभ्या होत्या. जयंतीने झाकण उघडलं. आत कोरड्या शेवया, खारका, काजू-बदाम आणि साखर. तिला मान वर करवेना.

"इस बार आप अपने बर्तनों में बना लीजिए, जयंतीजी. मैं आकर खा लूँगी."