एका दिवसाची रजा

विनायकरावांचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला. माझी तीनशे दिवसांची रजा माझी बायको सुनेत्रा हिच्या नावे करा, एवढंच मागणं होतं. दोघं दिल्लीत केंद्राच्या एकाच मंत्रालयात नोकरीला. केमोथेरपीत सुनेत्राची रजा संपली होती. "सर, छुट्टी किसी और के नाम नहीं होती," बाबू म्हणाला. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरचे जिने चढून त्यांनी अर्ज तिच्यापुढे ठेवला. तीस वर्षं त्यांनी रजा कंजुषासारखी साठवली होती. दर जानेवारीत ती म्हणायची, "अहो, एक दिवस रजा काढा, काला आंबचं युद्धस्मारक बघून येऊ. पानिपत दोन तासांवर तर आहे." ते म्हणायचे, "पुढच्या वर्षी." आता तिला जिनासुद्धा उतरवत नव्हता. त्यांनी कोरा फॉर्म काढून स्वतःसाठी तीनशे दिवस लिहिले. कारणाच्या रकान्यात पेन अडलं. "काय लिहू गं?" डोळे मिटत ती म्हणाली, "लिहा, बायकोनं मागितली होती."