साठ दिवसांची उजळणी

बारावीच्या जीवशास्त्राच्या तोंडी परीक्षेत एकही उत्तर अडखळू नये, म्हणून दीपिकाने साठ दिवसांचे वेळापत्रक आखले होते. सातपाटी-पालघर एसटीत रोज दहा प्रश्न. तेच तिसऱ्या दिवशी पुन्हा, आणि सातव्या दिवशी पुस्तक मिटून. आईसोबत बाजारात मासळीची पाटी मांडावी लागली, त्या दिवशीही तिने खंड पडू दिला नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी जीवशास्त्राच्या मॅडमनी तिला बाजूला घेतले. "उद्या परीक्षक म्हणून बाहेरच्या कॉलेजचे सर येतायत. येताना आईकडून चार मोठी पापलेटं साफ करून आण."

"परीक्षा तुजी हाय का पापलेटाची गं?" असे विचारत आईने विळी पुढे ओढली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतच, फॉर्मॅलिनमधल्या बेडकांच्या बरण्यांशेजारी, बर्नरवर मासे तळले गेले. जेवण उरकून परीक्षकांनी तेलकट बोटांनी यादी ओढली आणि कुणालाही काहीही न विचारता तेहतीस जणांना तीसपैकी एकोणतीस गुण लिहून टाकले. तरी साठ दिवसांचे सारे ओठांवर घेऊन दीपिका टेबलासमोर ताठ उभी राहिली.

तिच्या नावापुढच्या रकान्यावर मात्र पेन थांबले. दात कोरत सरांनी मान वर केली. निदान तिला तरी प्रश्न विचारला जाणार होता.



"घरी न्यायला आणखी दोन मिळतील का गं?"